परदेशी चिल्लर घेणार कोण?

संपादक महोदय,

मे महिन्यात आम्ही उभयता ३८ जणांच्या सहलीबरोबर जर्मनी, स्वित्झर्लंड आणि इटली पाहून आलो. परतल्यावर सौ.ने पर्स पलंगावर रिकामी केली तेव्हा २२ युरो ५० सेंट आणि ७ स्विस फ्रँक ३० रापेन (रापेन म्हणजे फ्रँकचा पैसा) निघाले, सगळी नाणी. युरो शंभराच्या घरात, फ्रँक त्याहून महाग. म्हणजे तीन हजार रुपये झाले. एवढी चिल्लर मोजायची वेळ निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आली. मी बँकेत ३१ वर्षे कॅश सांभाळली.

उरलेल्या नोटा सांगलीतल्या विनिमय दुकानदाराने लगेच घेतल्या. नाण्यांकडे पाहून म्हणाला, "काका, हे नातवंडांना द्या." कोल्हापुरात तेच उत्तर, फक्त 'काका'च्या जागी 'सर'.

दुकानदाराचा राग नाही. नोटांची गड्डी पाकिटात मावते, नाण्यांची थैली मात्र वजनावर जाते. ती परत युरोपात धाडायची तर भाडेच अंगावर येईल. नियमांतही नाण्यांना कोणी विचारत नाही. दोन हजार डॉलरपेक्षा जास्त किमतीच्या परकीय नोटा असतील तर वरची रक्कम परतल्यापासून १८० दिवसांत बँकेत किंवा परवानाधारक विनिमय दुकानदाराकडे द्यावी लागते. नाणी मात्र कितीही बाळगा. बाळगा म्हणजे डब्यात ठेवा, दुसरे काय करणार? (आपल्याकडे दहा रुपयांची सगळी, म्हणजे चौदाही प्रकारची नाणी चालतात, असे रिझर्व्ह बँकेला २०१८ साली जाहीर करावे लागले होते. आमचा भाजीवाला अजून ती उलटसुलट करून बघतो. तिथे परदेशी नाण्यांची काय कथा!)

पण सहलीचा पहिला दिवस आठवा. जर्मनीत हमरस्त्यावर बस थांबली. स्वच्छतागृहाच्या फिरत्या दांडीपाशी माणशी एक युरो. आमच्या सगळ्यांकडे इथून नेलेल्या पन्नासच्या करकरीत नोटा, सुटा एक युरो कोणाकडेच नाही. बहुतेक मंडळी साठीच्या पुढची; त्यांची घाई काय सांगावी! टूर मॅनेजरने स्वतःची थैली काढली म्हणून अब्रू राहिली. (त्या युरोचे कूपन मिळते, ते तिथल्याच दुकानात चालते, हे आम्हाला बस सुटल्यावर कळले.) आणि शेवटच्या दिवशी रोमच्या विमानतळावर त्याच ३८ जणांचे खिसे खुळखुळत होते.

म्हणजे जाणाऱ्याला नाणी हवीत आणि येणाऱ्याला नकोत. मग ती युरोपात पाठवायचीच कशाला? परवानाधारक विनिमय दुकानदारांनी ती सत्तर टक्के भावाने घ्यावीत आणि पुढच्या प्रवाशाला नोटांबरोबर वीस युरोंची पुडी बांधून पूर्ण भावाने द्यावीत. तीस टक्के सुटले तर मोजणाऱ्याची मजुरी निघते, हे मी अनुभवाने सांगतो. प्रवाशांनी आपापसात परकीय चलनाची खरेदी-विक्री करणे कायद्यात बसत नाही, म्हणून हे काम परवानाधारकानेच करायला हवे. आणि ज्यांना पैसे नकोत त्यांच्यासाठी विमानतळावर पेटी असावी. काही विमान कंपन्या १९८७ पासून युनिसेफसाठी उरलेली नाणी पाकिटात गोळा करतात. आमच्या विमानात असे पाकीट आले असते तर मी हे पत्र लिहीत बसलो नसतो.

तूर्त नाणी गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात आहेत. त्यातले १९६९ सालचे दहा रापेन मी वेगळे काढले आहे. त्या नाण्याचा छाप १८७९ पासून तोच आहे आणि इतकी जुनी नाणीही तिकडे अजून चालतात. आपली चवली-पावली कुठल्या कुठे गेली, म्हणून ते हातात घेतल्यावर जरा हेवा वाटला. पाच फ्रँकचे मोठे नाणे मात्र डब्यात नाही. ते कॅरमच्या सोंगटीएवढेच रुंद निघाले, त्यामुळे नातवाने ते हरवलेल्या काळ्या सोंगटीच्या जागी लावले आहे. पातळ असल्याने स्ट्रायकर लागला की भलतीकडेच जाते.

– एक निवृत्त हेड कॅशियर, विश्रामबाग, सांगली