खुर्ची पायथ्याशी ठेव

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुझ्या आईच्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण आहे आणि पहिल्या रात्री तिच्याजवळ तू असशील, म्हणून फोनवर न बोलता सवडीने लिहीत आहे. खुर्ची उशाशी न ठेवता पायथ्याशी ठेव आणि दर तासाला तिला उजवे पाऊल व अंगठा वर उचलायला सांग.

माझ्या वेळी सर्वांचे लक्ष टाक्यांकडे होते. पाऊल लुळे पडल्याचे दुसऱ्या दिवशी चालताना चप्पल गळून पडली तेव्हा कळले. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने, पोटरीच्या बारीक हाडाला वळसा घालून जाणारी नस त्वचेच्या अगदी जवळ असते. ती ताणली किंवा घट्ट पट्टीखाली दबली की पाऊल उचलत नाही. शंभरात फार तर एखाद-दुसऱ्याला असे होते, पण आईचा गुडघा आतल्या बाजूला वळलेला आहे आणि असा पाय सरळ करताना नेमकी हीच नस ताणली जाते, म्हणून मला घोर लागला आहे. अंगठा आणि शेजारचे बोट यांमधल्या खाचेत स्पर्श कळतो का, तेही विचार. सुरुवातीचे काही तास भुलीमुळे पाय जड राहील. तरीही शंका आली तर डॉक्टरांना लगेच बोलाव. पट्टी सैल करून गुडघा थोडा वाकवून ठेवणे हा पहिला उपाय असतो, पण तो त्यांनीच करावा.

रक्तवाहिनीची इजा याहून दुर्मीळ, हजारात एक-दोघांना किंवा त्याहूनही कमी, पण तिथे वेळ फार थोडा मिळतो. गुडघ्यामागची मुख्य धमनी बंद झाली तर साधारण सहा तासांत स्नायू मरू लागतात. तिला पंधरा वर्षांचा मधुमेह आहे, त्यामुळे धमन्या आधीच अरुंद असू शकतात. पायांचा डॉपलर, म्हणजे धमन्यांतला रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी, झाला आहे का, हे उद्याच विचार. दोन्ही पावलांना हात लावून पाहा. एक गार किंवा पांढुरके वाटले, पोटरी दगडासारखी घट्ट झाली, किंवा वेदनाशामक देऊनही कळ वाढतच गेली, तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नकोस. टाक्याच्या बाहेरच्या बाजूला थोडी बधिरता मात्र बहुतेकांना येते, तिने घाबरू नकोस.

प्रत्येक वेळची नोंद वेळ घालून वहीत कर. मी सकाळच्या पहिल्या एसटीने पोहोचतो.

तुझे बाबा