डकोटावाल्या काकांना

काका, सादर नमस्कार.

फोनवर नीट आभार मानता आले नाहीत, घसाच दाटून आला होता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

आजोबा हवाई दलात, लोहगावला 6 नंबर स्क्वाड्रनमध्ये लिबरेटर या बॉम्बर विमानांवर इंजिन फिटर. कानपूरच्या भंगारातून हिंदुस्तान एअरक्राफ्टने उठवलेली ती चार-चार इंजिनांची धुडं 1968 पर्यंत उडत राहिली, ती अशाच हातांमुळे. त्यांची कामाच्या नोंदींची वही मी कुठे कुठे नेली! एका संस्थेत म्हणाले, फोटो मेल करा. उत्तर अजून यायचंय. एका नामांकित जाणकाराने वही न उघडताच 'स्पिटफायर फायटरची असणार' म्हणून ठोकून दिलं. एकाने तर थेट भाव विचारला.

तुम्ही आधी हात धुऊन आलात आणि पहिल्या पानापासून वाचायला बसलात. ट्विन वास्प हे नाव दिसताच खुललात, तुमच्या डकोटा विमानालाही त्याच घराण्याचं इंजिन ना! 20,000 फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या निम्म्याहून कमी, इंजिनाला धाप लागते. मग क्रँकशाफ्टच्या गिअरवर फिरणारा सुपरचार्जरचा पंखा हवा दाबून सिलिंडरांत भरतो. हे तुम्ही इतकं सोपं करून सांगितलंत की आईलाही कळलं.

एका पानावर मात्र थांबलात. एक्झॉस्टच्या नळीच्या टोकाला आजोबांनी चाक काढलंय, शेजारी फक्त 'लाल दिसते'.

"आमच्या डकोटाला हे नव्हतं. मला माहीत नाही. विचारून सांगतो."

काका, 'मला माहीत नाही' म्हणणारे तुम्ही पहिलेच. अंदाजाने सही ठोकणाऱ्या फिटरच्या विमानात कोण बसेल? तुमच्या कामात ही सवय लागतच असणार. बाहेर मात्र सगळे बिनदिक्कत सह्या ठोकत फिरतात, आणि त्यांचीच चलती आहे.

आणि तुम्ही खरंच विचारलंत! जुने सोबती शोधून काढलेत. टर्बो! एक्झॉस्टचा तापलेला वायू ते चाक फिरवतो, म्हणून ते लाल. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक हवा दाबतं, ती इंटरकूलरमध्ये निवते, कार्बोरेटरमधून जाते आणि पुढे तुमच्या ओळखीचा आतला पंखा तिला पुन्हा दाबतो. त्या धगीशेजारी बेअरिंगला तेल पोचलं नाही तर चाक गेलंच, असंही म्हणालात. पुढची तीन पानं नुसती तेलाच्या नोंदींनी का भरलीत, ते तेव्हा कुठे समजलं.

वहीची झेरॉक्स पाठवते आहे. शेवटी रेग्युलेटरचं काहीतरी आहे, अक्षर फार बारीक. सवडीने बघा, घाई अजिबात नाही. काकूंना नमस्कार.