शिक्का घेतल्याशिवाय उठू नकोस

डिचोली

चि. सायली हिस
अनेक आशीर्वाद.

पणजीतल्या त्या पर्यावरण संस्थेने तुला इंटर्न म्हणून घेतलं, सोमवारपासून रुजू व्हायचंय, हे आईने सांगितलं. बरं वाटलं. फोनवर बोलायला गेलो की तू 'हो बाबा, हो बाबा' म्हणत फोन ठेवतेस, म्हणून लिहायला बसलोय.

बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे तुमच्या वकिलीच्या पाच वर्षांच्या कोर्सला निदान 20 आठवड्यांची इंटर्नशिप लागते, पण एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. चार आठवड्यांत कुणी नदी वाचवत नाही. बॅनर धरण्यात आणि रील टाकण्यात ते भुर्रकन निघून जातील. तेव्हा पहिल्याच दिवशी एक फाइल मागून घे. एकच. डोंगरकापणीची असो, शेतातल्या भरावाची असो, नदीकाठच्या बांधकामाची असो. पहिल्या अर्जापासून शेवटच्या कागदापर्यंत वाच आणि तारखांचा तक्ता कर: अर्ज कधी गेला, उत्तर कधी आलं, अपिलाची मुदत कधी संपते.

तारखांचं एवढं का सांगतो, ते आपल्या खाणींवरून बघ. पोर्तुगिजांनी दिलेल्या खाणींच्या सवलती 1987 च्या कायद्याने रद्द होऊन त्यांची लीज, म्हणजे मुदतीचे भाडेपट्टे, झाली. गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 रोजी सांगितलं की या लीजची मुदत 22 नोव्हेंबर 2007 लाच संपली होती, त्यानंतरचं खाणकाम बेकायदा. मग सरकारने 88 लीजचं नूतनीकरण केलं, तेही 7 फेब्रुवारी 2018 रोजी रद्द झालं. शेतात लाल गाळ भरला, विहिरी आटल्या, लोक वर्षानुवर्षं ओरडत राहिले, ते सगळं खरंच. पण कोर्टात पारडं फिरवलं ते कॅलेंडरने. माझा जन्म आवक-जावक रजिस्टरवर गेला, त्यामुळेही मला तसं वाटत असेल.

आता टेबलाच्या आमच्या बाजूचं थोडं ऐक. कुठल्याही कार्यालयात अर्ज नेताना दोन प्रती ने. एक द्यायची, दुसरीवर गोल शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्यायची. कारकून म्हणेल, 'ठेवून जा, मागाहून करतो.' किंवा 'शिक्का साहेबांच्या कपाटात आहे.' तिथेच बाकड्यावर बस. शिक्का पुसट उठला तर पुन्हा मारायला सांग. पॅडची शाई बहुतेक ठिकाणी सुकलेलीच असते. शिक्का नसलेला अर्ज दिला काय नि न दिला काय.

माहिती अधिकाराचा अर्ज असेल तर दहा रुपये फी आणि 30 दिवसांत उत्तर, हे तुला ठाऊकच आहे. त्यात 'सविस्तर माहिती मिळावी' असं मात्र लिहू नकोस. आम्हा कारकुनांचं ते लाडकं वाक्य. 'माहिती नेमकी मागितलेली नाही' असा शेरा मारून परत पाठवायला सोपं जातं. सर्व्हे नंबर, कागदाचं नाव, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, बस. जमिनीचं प्रकरण असेल तर आधी एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे ते सांगणारा कागद, काढ, मग बाकीचं.

एखाद्या प्रकल्पावर लोकांचं म्हणणं ऐकायला जनसुनावणी ठेवतात, तिला जायची संधी आली तर काही झालं तरी चुकवू नकोस. केंद्र सरकारच्या 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार तिची नोटीस निदान 30 दिवस आधी निघते आणि पर्यावरण परिणाम अहवाल लोकांना बघायला ठेवतात. तो शेकडो पानांचा आणि इंग्रजीत. वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं भात, करणारा शेतकरी तो कधी वाचणार? इंटर्नचं खरं काम मला इथे दिसतं. अहवालाचा गोषवारा घेऊन त्याच्या पडवीत बस. ज्या झरीवर त्याचं शेत पिकतं, ती नकाशात दाखवलीय की नाही, ते नकाशावर बोट ठेवून त्याला दाखव. नसेल तर तीच त्याची हरकत. आपल्याकडे लोकांना वाटतं, बहिष्कार टाकला की सुनावणी रद्द होते. तसं नाही. गणसंख्येची अटच नाही. मोजकी माणसं आली तरी सुनावणी झाली असंच धरतात. आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावं लागतं, त्यावर त्याच दिवशी सही व्हावी लागते. तोवर कुणाची बस चुकत असते, कुणाची गुरं बांधायची राहिलेली असतात, मंडप निम्मा रिकामा होतो. तू थांब. आपल्या माणसांनी जे मांडलं ते त्यात उतरलंय का ते ऐक, आणि नसेल तर उठून सांग.

कागद म्हणजेच सगळं, असंही समजू नकोस. केरीच्या भूतखांब पठारावरचा नायलॉन 6,6 चा कारखाना लोक रस्त्यावर उतरले म्हणून हटला. त्यात जानेवारी 1995 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात निलेश नाईक गेला. मोलेच्या अभयारण्यातून जाणाऱ्या प्रकल्पांच्या वेळी, 2020 मध्ये, तुझ्याहून थोड्या मोठ्या पोरांनी चित्रं काढून गावोगावचे लोक जागे केले, आणि दुसरीकडे कागदही लढवला गेला. त्यातल्या रेल्वेच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. मोर्चाला जाऊ नको असं मी म्हणणार नाही. आई म्हणेल, ते तू तिच्याशी बघून घे.

मामाकडे जाशील तेव्हा जरा जपून. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा त्याचा ट्रक दारात उभा राहिला आणि बँकेचे हप्ते काही थांबले नाहीत. तो तुला 'आली खाण बंद करणारी' म्हणून डिवचणारच. त्याला निकाल समजावत बसू नकोस. उलट विचार, कुठल्या खंदकातलं पाणी पावसात कुठल्या ओहोळात सोडायचे, कुठल्या रस्त्याने गाड्या जास्त भरून यायच्या. अहवाल लिहिणाऱ्याला ते ठाऊक नसतं, मामाला तोंडपाठ आहे. चहा होईस्तोवर तो सगळं सांगून मोकळा होईल.

आणखी एक. तक्रारदाराचं नाव, फोटो, गाव यातलं काहीही स्टेटसला टाकायचं नाही. तू चार आठवड्यांनी कॉलेजात परत जाशील. त्याला त्याच वाड्यावर, त्याच शेजाऱ्यांत राहायचंय.

स्टायपेंडचं तू काही लिहिलं नाहीस, म्हणजे बहुधा नाहीच. तरी विचार. पर्यावरणाचं काम आहे म्हणून ज्याच्या घरी पैसे आहेत त्याच्याच पोरांनी ते करावं, हे मला पटत नाही. निदान बसभाडं आणि झेरॉक्स कुणी द्यायचं, ते पहिल्या दिवशीच बोलून घे. त्यांनी नाही दिलं तर मी देईन, पण पावत्या ठेव.

तुझे
बाबा