पाच डॉलर दरवर्षी पोचतात, नदी मात्र गेली

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जगभरातल्या स्वच्छ विजेवरचा लेख वाचला. त्यात कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या 'साइट सी' धरणाचं कौतुक आहे. 1,100 मेगावॅट वीज, 83 किलोमीटर लांबीचा जलाशय हे सगळं बरोबर आहे. पण पुढे एक वाक्य येतं, की स्थानिक आदिवासींचा विरोध मावळल्यावर प्रकल्प मार्गी लागला. मी गेली 19 वर्षं या प्रांतात राहते. त्यातली 6 वर्षं धरणाच्या जागेपासून जेमतेम काही किलोमीटरवर असलेल्या फोर्ट सेंट जॉन गावात, एका औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट म्हणून काढली. ते वाक्य वाचून गप्प बसवेना, म्हणून लिहिते आहे.

'विरोध' म्हटलं की आपल्याला मुळशी आठवते. 1921 साली सेनापती बापटांबरोबर मावळे उभे राहिले, 'जान किंवा जमीन' म्हणाले, आणि तरी वीजनिर्मितीसाठी धरण झालंच. त्या मावळ्यांच्या हातात सरकारशी केलेला करार नव्हता. साइट सी धरण ज्या पीस नदीवर आहे, तिच्या खोऱ्यातल्या डने-झा आणि क्री आदिवासींच्या हातात तो आहे. त्यावर राणी व्हिक्टोरियाच्या वतीने आलेल्या आयुक्तांच्या सह्या आहेत. त्याला 'ट्रीटी 8' म्हणतात. 21 जून 1899 रोजी लेसर स्लेव्ह लेकपाशी तो झाला आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात फोर्ट सेंट जॉनचे लोक त्यात सामील झाले.

हा करार आदिवासींनी मागायला जाऊन मिळवला असं कुणाला वाटेल. झालं होतं असं, की क्लोंडाइकला सोनं सापडल्याची बातमी पसरली आणि माणसांचे लोंढे या मुलखातून उत्तरेकडे निघाले. घोडे चोरीला जाऊ लागले, सापळे मोडले जाऊ लागले. 1898 साली फोर्ट सेंट जॉनजवळ तिथल्या लोकांनी वाट अडवली: आधी करार करा, मग पुढे जा. म्हणजे गरज सरकारला होती. लोकांना एकच धास्ती होती, शिकार आणि मासेमारी हातची जाईल. आयुक्तांनी परत गेल्यावर जो अहवाल दिला, त्यात स्वतःच लिहून ठेवलंय की आम्हाला त्यांना पुन्हा पुन्हा खात्री द्यावी लागली: करार केलाच नसता तर तुम्ही शिकारीला आणि मासेमारीला जितके मोकळे असता, तितकेच करारानंतरही राहाल. तिथली म्हातारी माणसं त्या वेळचं तोंडी वचनही सांगतात, सूर्य तळपतोय आणि नदी वाहतेय तोवर हा करार. आपल्या जुन्या दानपत्रांतलं 'आचंद्रार्क' आठवा. शिळेवर वर सूर्य-चंद्र कोरलेले असायचे ते त्याचसाठी. इथे साक्षीला सूर्याबरोबर नदी होती.

दुकानातली एक गोष्ट सांगते. साधारण जून महिना असेल. नेहमी रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येणारी एक आजीबाई दोन नातवंडांना घेऊन आली आणि काउंटरवर पाच डॉलरची कोरी नोट ठेवून पोरांना चॉकलेटं घ्यायला सांगितली. 'कराराचे पैसे आले,' म्हणाली. मला काही कळेना. मग तिने समजावलं: ट्रीटी 8 मध्ये दर माणशी वर्षाला पाच डॉलर द्यायचं ठरलं होतं. ते आजही मिळतात. 1899 ला पाच होते, आजही पाचच. पोरं चॉकलेट निवडेपर्यंत ती आपल्याच नादात बोलत होती. लहानपणी नदीतल्या बेटांवर मूसच्या (इथल्या भल्यामोठ्या हरणाच्या) माद्या पिल्लं घालायला यायच्या, लांडग्यांपासून तिथे आडोसा मिळायचा, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर त्या बाजूला कुणी बंदूक घेऊन जायचं नाही. बेरी कुठल्या उतारावर आधी पिकतात तेही तिने सांगितलं. ते उतार मी पाहिलेत. 56 अंश उत्तर अक्षांशावर, जिथे हिवाळ्यात डोळ्यांच्या पापण्या गोठतात, त्या खोऱ्यात लोक टरबुजं पिकवत. इतकं ते ऊबदार आणि काळ्याभोर मातीचं होतं. 25 ऑगस्ट 2024 ला जलाशय भरायला घेतला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो भरला. ती बेटं, तो उतार, ती माती, सगळं पाण्याखाली आहे.

माझं आजोळ कोयना धरणाच्या शिवसागराच्या पाण्याखाली आहे. लहानपणी आजी काठावर उभी राहून पाण्याकडे बोट दाखवायची, ते तिकडं आपलं जोतं, त्याच्या अंगाला खळं, आणि वरच्या अंगाला देवाची जागा. मला नुसतं पाणीच दिसायचं. त्या आजीबाईचं बोलणं ऐकताना माझ्या पोटात जे झालं, ते त्यामुळे असेल.

आता 'विरोध मावळला' याविषयी. करारात एक पोटवाक्य आहे: वसाहत, खाणकाम, लाकूडतोड, व्यापार 'किंवा इतर कामांसाठी' वेळोवेळी जी जमीन घेतली जाईल ती सोडून उरलेल्या मुलखात शिकार-मासेमारीचा हक्क. सगळी मारामारी या पोटवाक्यावर आहे. सरकार म्हणतं, 'इतर कामं' यात धरण आलं. लोक म्हणतात, थोडं थोडं घेत सगळंच घेतलंत तर हक्काला अर्थ काय उरला? पीस नदीवर हे तिसरं धरण आहे. 1968 चं बेनेट धरण, 1980 चं पीस कॅन्यन, आणि त्यांच्या खाली हे. शिवाय आजूबाजूला गॅसच्या विहिरी, रस्ते, लाकूडतोड. 2021 साली प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्लूबेरी रिव्हर फर्स्ट नेशनच्या (फर्स्ट नेशन म्हणजे इथला आदिवासी समाज) दाव्यात हेच मान्य केलं: अशा कामांच्या एकत्रित परिणामामुळे ट्रीटी 8 चा भंग झालेला आहे.

मग साइट सीने भंग झाला की नाही? एवढ्या वर्षांत या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही न्यायालयाने दिलेलं नाही. ही गोष्ट आपल्या वाचकांना कळायला हवी, कारण लेख वाचून उलटंच वाटतं. 2014 साली केंद्र आणि प्रांताच्या संयुक्त समितीने अहवाल दिला. आदिवासींच्या शिकार-मासेमारीवर मोठे दुष्परिणाम होतील आणि ते टाळता येणार नाहीत, असं तिने म्हटलं. पण करारभंग होतो का यावर मत द्यायचं नाही, असं समितीच्या कार्यकक्षेतच घातलेलं होतं. वेस्ट मोबर्ली आणि प्रॉफेट रिव्हर ही दोन फर्स्ट नेशन्स केंद्रीय न्यायालयात गेली. जानेवारी 2017 मध्ये अपील न्यायालय म्हणालं, मंजुरी देण्याआधी मंत्रिमंडळाने करारभंग ठरवायची गरज नाही. मग वेस्ट मोबर्लीने प्रांतात मूळ दावा लावला आणि तोवर काम थांबवा म्हणून मनाई मागितली. ऑक्टोबर 2018 मध्ये मनाई नाकारली गेली. दावा चालत राहिला, काँक्रीटही पडत राहिलं. आपल्याकडे शेजाऱ्याशी हद्दीचा वाद असला की आपण मोजणीचा अर्ज टाकतो. अर्ज कचेरीत आहे तोवर शेजाऱ्याने स्लॅब टाकला, तर मोजणीदार येऊन काय मोजणार?

जून 2022 मध्ये वेस्ट मोबर्लीने साइट सीपुरती तडजोड केली. प्रॉफेट रिव्हरने त्याआधीच केली होती. इतर काहींनी सुरुवातीलाच लाभाचे करार केले होते. नुसतं हरत राहण्यापेक्षा पोराबाळांसाठी काही हाती घ्यावं असं वाटलं तर त्यात गैर काही नाही, आणि त्यासाठी त्यांना बोल लावणारे आपण कोण? पण त्याला संमती म्हणू नका.

एक तारीख माझ्या डोक्यातून जात नाही. आधीच्या सरकारने सुरू केलेलं हे काम थांबवायचं की पुढे न्यायचं, हा निर्णय 2017 मध्ये नव्या सरकारपुढे आला. मुख्यमंत्री जॉन हॉर्गन यांनी हे धरण सुरूच व्हायला नको होतं, असं सांगितलं आणि तरी पुढे न्यायचं जाहीर केलं. खर्च बराच झालाय, मागे फिरता येत नाही, हे कारण. तो दिवस होता 11 डिसेंबर 2017. कोयनेच्या माणसाला 11 डिसेंबर सांगावा लागत नाही. भूकंपाला त्या दिवशी बरोबर 50 वर्षं झाली होती. सकाळी गावाकडच्यांशी फोनवर त्याच आठवणी निघाल्या होत्या आणि नंतर टीव्हीवर ही घोषणा ऐकली. 2021 पर्यंत खर्चाचा अंदाज 16 अब्ज डॉलरवर गेला. मंजुरीच्या वेळी तो 9 अब्जाच्याही आत होता.

बेनेट धरणाची कथा तर आणखी कठीण. 1968 साली त्याचा विलिस्टन जलाशय भरायला घेतला तेव्हा तिथल्या त्से के डने आदिवासींशी कुठला करारच नव्हता. झाडं न तोडताच खोरं बुडवलं. ओंडके तरंगून वर आले, होड्या चालेनात, माणसं विखुरली. आज त्यांचं गाव त्याच जलाशयाच्या उत्तर टोकाला आहे आणि त्या गावात वीज डिझेलच्या जनरेटरवर येते. ज्यांच्या नदीवर दक्षिणेतली शहरं उजळतात, त्यांच्यापर्यंत त्याच विजेची तार पोचलेली नाही. वसंतात पाणी खाली गेलं की उघड्या पडलेल्या काठाची धूळ गावभर उडते. आणि मासे. बुडालेली माती आणि झाडोरा कुजताना जिवाणू त्यातल्या पाऱ्याचं विषारी रूप तयार करतात. ते शेवाळातून लहान माशांत, लहानांतून मोठ्यांत साठत जातं. विलिस्टनमधला बुल ट्राउट किती खावा याबद्दल कित्येक वर्षं सावधगिरीची सूचना आहे. मासेमारीचा हक्क कागदावर शाबूत आणि मासा जपून खायचा. औषधांच्या दुकानात गरोदर बाईने मासे चालतील का विचारलं की मी आधी विचारायची, कुठल्या पाण्यातला?

2016 मध्ये वीज कंपनीने बेनेट धरणापाशी आदिवासींवर झालेल्या परिणामांचं कायमचं प्रदर्शन उघडलं आणि खेद व्यक्त केला. मी ते पाहिलं आहे, मनापासून केलंय. त्याच वेळी त्याच नदीवर खालच्या अंगाला साइट सीचं खोदकाम चालू होतं.

कॅनडात हे एकाच प्रांतात घडलेलं नाही. क्युबेकमध्ये जेम्स बे वीजप्रकल्पाचं काम 1973 साली न्यायमूर्ती माल्यूफ यांनी थांबवलं, आठवड्याभरात वरच्या न्यायालयाने ते पुन्हा सुरू केलं. 1975 चा क्री आणि इन्युइट लोकांचा करार त्या दबावाखाली झाला. मॅनिटोबात 1977 च्या पूर करारात सामूहिक गरिबी आणि बेकारी नाहीशी करण्याचं कलम घातलं होतं. तरीही 2014 साली तिथल्या क्रॉस लेकच्या आदिवासींना जेनपेग वीजकेंद्रात जाऊन ठाण मांडावं लागलं. आपल्या नंदुरबारमधली सरदार सरोवराच्या बुडितातली 33 गावंही वाचकांना ठाऊक आहेत. 1979 च्या लवादाने पाणी चढण्याआधी पुनर्वसन व्हायलाच हवं असं लिहून दिलं होतं. मणिबेलीच्या लोकांना पाणी आधी दिसलं.

आम्ही इथली मराठी माणसं सरे-व्हँकुव्हरला गणपती बसवतो, आरास करतो, त्या दिव्यांमागे ही नदी आहे. मंडळाच्या कार्यक्रमात सुरुवातीला आदिवासी भूमीचं ऋण मानणारं वाक्य वाचतात. मी यंदा विनंती केली की वीज कुठून येते तेही एकदा सांगू या. दोघा-तिघांनी नंतर येऊन ट्रीटी 8 म्हणजे काय ते विचारलं. मी त्यांना पाच डॉलरपासून सांगायला सुरुवात केली.

आपणास विनंती इतकीच. पुढच्या अंकात खुलासा छापावा, की वेस्ट मोबर्ली आणि प्रॉफेट रिव्हर हे प्रकल्पाचे 'विरोधक' नसून 1899 च्या करारातले एक पक्ष आहेत, त्यांनी तडजोड केली आहे, आणि साइट सीमुळे त्या कराराचा भंग झाला का हे कुठल्याही न्यायालयाने अद्याप ठरवलेलं नाही.

कळावे,
आपली एक वाचक
सरे, ब्रिटिश कोलंबिया (मूळची पाटण तालुक्यातली)