भूल सुधार कुठे छापायची

रामबाग, इंदूर

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मैत्रिणीच्या भावाचा फोटो वर्तमानपत्रानं चुकून चोरीच्या बातमीत छापला तो पहिल्या पानावर, चार कॉलमांत. चुकीची दुरुस्ती आली ती अकराव्या पानावर, निविदेच्या जाहिरातीखाली, ‘भूल सुधार’ म्हणून दोन ओळींत. त्यात ना फोटो, ना मूळ मथळा, ना तारीख. ज्यानं पहिली बातमी वाचली त्याला ही दुरुस्ती कशाची हे कळायचं कसं?

तू विचारतेस, सरकारच अशा वर्तमानपत्रांना वेसण का घालत नाही? ती दोरी सरकारच्या हाती नकोच. १९५६ मध्ये किती पानांना किती किंमत घ्यायची हे ठरवणारा कायदा झाला, आणि कारण सांगितलं लहान पत्रांना जगवण्याचं. पुण्याचा ‘सकाळ’ त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेला. पानं आणि किंमत बांधली की खप घटतो, आणि खप घटवणं म्हणजे बोलण्यावरच बंधन, असं म्हणून कोर्टानं १९६१ मध्ये तो कायदा मोडीत काढला. आणीबाणीत तर प्रेस कौन्सिलच, म्हणजे वर्तमानपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी संस्थाच, गुंडाळली गेली. १९७८ च्या कायद्यानं ती परत उभी राहिली.

आजची कौन्सिल समज देते, ताशेरे ओढते, दंड करत नाही. पण त्या कायद्याच्या कलम १४ मध्ये एक मोलाची गोष्ट आहे: चौकशीचा तपशील वर्तमानपत्रानं कसा छापावा, हे कौन्सिल सांगू शकते. न छापल्यास शिक्षा मात्र नाही, आणि मला बदल हवा तो नेमका इथं. दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच जागेत, त्याच आवृत्तीत यावी. टाळली तर दंड व्हावा. छापण्याआधी मात्र बातमीला कुणी हात लावू नये.

आता तक्रारीचं. आधी संपादकाला लेखी पत्र. शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची ओळ असते, पत्ता तिथून घ्या. मोबाइलवरचा स्क्रीनशॉट नको, मूळ कात्रण ठेवा. इंदूरची आवृत्ती आणि उज्जैनची आवृत्ती यांत पान बदलतं, आणि मग वाद तिथंच अडतो. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर दैनिकाच्या बाबतीत छापल्यापासून दोन महिन्यांत कौन्सिलकडे अर्ज करायचा. सोबत कात्रण, संपादकाशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती आणि हे प्रकरण कोर्टात प्रलंबित नाही असं प्रतिज्ञापन. लोक रागाच्या भरात आधी दावा ठोकतात आणि कौन्सिलचं दार स्वतःच बंद करून घेतात. अर्जात ‘कारवाई व्हावी’ एवढंच लिहून थांबू नका. दुरुस्ती कोणत्या पानावर, किती कॉलमांत हवी ते मागा.

टीव्ही वाहिन्यांचं वेगळं आहे. केबल टीव्हीच्या २०२१ च्या नियमांनुसार तक्रार आधी वाहिनीकडे, ती १५ दिवसांत निकाली काढायची. नाही पटलं तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांनीच मिळून उभारलेल्या स्वनियमन संस्थेकडे, आणि शेवटी केंद्र सरकारकडे. तक्रारीत दिनांक, वेळ आणि कार्यक्रमाचं नाव हवंच, कारण वाहिनीनं चित्रण ९० दिवस जपून ठेवायचं असतं; उशीर केलात तर पुरावा हातचा जाईल. अशीच एक संस्था, वृत्तवाहिन्यांची न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स अथॉरिटी, जास्तीत जास्त एक लाख रुपये दंड करू शकते, तोही सभासद वाहिनीला. ही रक्कम तोकडी आहे हे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानंही बोलून दाखवलं. सभासदत्व सोडलं की तेही संपलं, म्हणून मालकांच्याच संस्थेवर माझा भरवसा नाही.

त्याच रात्री गल्लीतल्या केबल चॅनलनंही तो फोटो दाखवला असं तू लिहिलंस. केबल कायद्यात कलेक्टर, एस.डी.एम. (उपविभागीय दंडाधिकारी) आणि पोलीस आयुक्त हे अधिकृत अधिकारी आहेत, म्हणून तो अर्ज कलेक्टर ऑफिसात द्या आणि पोच घ्या.

संपादकाला द्यायच्या पत्राचा मसुदा आधी मला पाठव. विशेषणं काढून टाक, तारखा आणि पान क्रमांक तेवढे ठेव.

तुझे,
बाबा