रानिएरींचा निरोप: लेस्टरहून आई-बाबांना पत्र

लेस्टर, ५ मार्च २०१७

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आमच्या फुटबॉल संघाचे मॅनेजर रानिएरी यांना काढल्याचे कळल्यावर गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले, “ज्याने कप आणून दिला त्यालाच हाकलला? कसली माणसे ग तुमच्या गावची?” मी तेव्हा बसमध्ये होते, आवाज तुटत होता आणि खरे सांगायचे तर उत्तरही सुचत नव्हते. त्यानंतर आमच्या संघाचे दोन सामने झाले. पहिला मी मैदानात बसून पाहिला, दुसरा काल दुपारी घरी बसून ऐकला, आणि तरीही उत्तर पुरते हाती आलेले नाही. पण जेवढे आले आहे तेवढे लिहून कळवावे म्हणून हे पत्र.

आईसाठी थोडे मागचे सांगते. बाबांनी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉल पाहण्यात आयुष्य घालवले आहे. त्यांना हे सांगायला नको. लेस्टर सिटी हा क्लब १८८४ सालचा. एवढ्या वर्षांत एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात चार वेळा हरलेला आणि देशाचे विजेतेपद, म्हणजे लीग, गेल्या वर्षापर्यंत एकदाही न मिळालेला. दोन वर्षांपूर्वी तो खालच्या श्रेणीत घसरता घसरता वाचला आणि त्या उन्हाळ्यात क्लाउडिओ रानिएरी नावाचे इटालियन गृहस्थ मॅनेजर म्हणून आले. त्याआधी ग्रीसच्या संघाने त्यांना काढले होते, कारण तो संघ फॅरो बेटांसारख्या चिमुकल्या देशाकडून हरला होता. लेस्टर विजेता होईल यावर सट्टेवाले एका पौंडाला पाच हजार पौंड देऊ करत होते, म्हणजे त्यांच्या लेखी ते कधीच घडणार नव्हते. ते घडले. लीगच्या अडतीस सामन्यांत फक्त तीन पराभव, ८१ गुण, आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या आर्सेनलपेक्षा तब्बल दहा गुण जास्त. गेल्या वर्षी २ मेच्या रात्री चेल्सी आणि टॉटनहॅमचा सामना बरोबरीत सुटला, टॉटनहॅमला आम्हाला गाठणे अशक्य झाले आणि आमचे लोक घराघरांतून रस्त्यावर आले, तेव्हा मी तुम्हाला फोन केला होता आणि तिकडे पहाट व्हायची होती म्हणून आई रागावली होती.

त्या वर्षी रानिएरी या शहराचे कोण झाले हे सांगणे अवघड आहे. चष्मा, पांढरे केस, बोलताना हात हलवण्याची सवय; बाबा, तुम्हीच फोटो पाहून म्हणाला होतात की हा माणूस आपल्या हायस्कुलातला गणिताचा मास्तर वाटतो. एकही गोल न खाता सामना संपवला तर मी तुम्हाला पिझ्झा खाऊ घालीन, असे त्यांनी खेळाडूंना कबूल केले होते. क्रिस्टल पॅलेसला १-० हरवल्यावर त्यांनी खेळाडूंना शहरातल्या एका पिझ्झाच्या दुकानात नेले आणि पीठ मळून पिझ्झा करायचे कामही त्यांच्याकडूनच करवून घेतले. खेळाडूंचे लक्ष उडाले की ते तोंडाने घंटा वाजवल्यासारखे “डिली डिंग, डिली डाँग” म्हणत. माझ्या ऑफिसात मीटिंगमध्ये कोणी पेंगला तर अजून हेच म्हणतात.

मग या वर्षी काय बिघडले? मधल्या फळीतला कान्ते हा खेळाडू उन्हाळ्यात चेल्सीने सुमारे ३.२ कोटी पौंड देऊन नेला. आपल्याकडे एखाद्या तालमीच्या फुटबॉल संघातला चारी बाजूंना धावणारा हाफ दुसऱ्या पेठेने नेला की मागचे-पुढचे सगळेच उघडे पडतात, तसे झाले. बाकीचे तेच खेळाडू, पण पाय जड झालेले. शिवाय गेल्या वर्षी जो संघ महिनोन्महिने जवळपास बदलत नव्हता, त्याची रचना रानिएरी दर आठवड्याला बदलू लागले. नवे वर्ष उजाडल्यापासून लीगमध्ये आमचा एकही गोल नव्हता. लागोपाठ पाच पराभव झाले. पंचवीस सामन्यांत २१ गुण, विसांत सतरावा क्रमांक, आणि घसरणीच्या रेषेपासून फक्त एक गुण दूर. गतविजेताच खालच्या श्रेणीत जाण्याचा प्रकार या देशात १९३८ साली मँचेस्टर सिटीच्या बाबतीत घडला होता, त्यानंतर नाही. गंमत अशी की याच जानेवारीत फिफाने रानिएरींना जगातला सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून गौरवले होते.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला क्लबने पत्रक काढून जाहीर केले की मॅनेजरवर आमचा अढळ विश्वास आहे. ते वाचून माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, “झाले, आता पंधरा दिवस.” इथे असे पत्रक म्हणजे डॉक्टरने नातेवाइकांना बाजूला बोलावण्यासारखे असते. त्याचा अंदाज एका दिवसाने चुकला.

२२ तारखेला चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या स्पर्धेत आम्ही स्पेनमध्ये सेव्हियाकडून २-१ असे हरलो, पण शेवटच्या टप्प्यात आमचा आघाडीचा खेळाडू वार्डी याने एक गोल केला होता आणि परतीच्या सामन्यासाठी आशा होती. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, डोरिस नावाचे वादळ आले. घराच्या मागचे कुंपण दिवसभर आपटत होते. मी पिठले ढवळत असताना फोनवर बातमी आली की रानिएरींना काढले. विजेतेपदाला दहा महिनेही झाले नव्हते. मी गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले, आणि पहिला विचार काय आला ते सांगते, कारण बाबांच्या प्रश्नाला माझे खरे उत्तर तिथेच आहे. मला आधी सुटल्यासारखे वाटले. वाईट नंतर वाटले.

कारण पाचच दिवस आधी, मिलवॉल या दोन श्रेणी खालच्या आणि दहाच खेळाडू उरलेल्या संघाने आम्हाला एफए कपातून बाहेर काढले, त्या संध्याकाळी मी स्वतः मोठ्या आवाजात म्हटले होते की आता म्हाताऱ्याने जावे हे बरे. त्या खोलीत आम्ही सहा जण होतो आणि कोणीही मला गप्प केले नाही. तेच सहा जण त्या गुरुवारी रात्री एकमेकांना रडवेले निरोप पाठवत होते. तेव्हा बाबा, गावची माणसे कसली, तर माझ्यासारखी.

क्लब थाई मालकांचा आहे. त्यांच्या बाजूने सांगण्यात आले की निर्णय फार कठीण होता, पण भावनेपेक्षा क्लबचे दूरचे हित पाहावे लागते. घसरण म्हणजे टीव्हीच्या पैशांतले कोट्यवधी पौंड बुडणे, हे इथला शाळकरी मुलगाही जाणतो. आणि हे मालक लोकांना परके वाटत नाहीत. गेल्या वर्षी मालकाच्या वाढदिवसाच्या सुमारास सामन्याला आलेल्या प्रत्येकाला बिअर आणि डोनट फुकट वाटले होते. (बिअर मी शेजाऱ्याला दिली, आई, डोनट खाल्ला.) म्हणून राग मालकांवर फार वेळ टिकला नाही, तो खेळाडूंकडे वळला. सेव्हियाच्या सामन्यानंतर काही ज्येष्ठ खेळाडूंनी मालकांचे कान भरले, असे वर्तमानपत्रांत आले. वार्डीने ते साफ खोटे असल्याचे सांगितले. खरे काय ते त्या खोलीत असलेल्यांनाच ठाऊक.

बेलग्रेव्ह रोडवर ज्यांच्याकडून मी पोहे आणि कोकम आणते, त्या गुजराती काकांचे घराणे १९७२ साली युगांडातून हाकलले गेल्यावर इथे आले. त्यांच्या गल्ल्यामागे लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी गेल्या वर्षीच्या विजयी संघाचे चित्र लावलेले आहे आणि त्याच्या मधोमध रानिएरी हसत उभे आहेत. शनिवारी मी विचारले, तर काका म्हणाले की मालकाने केले ते बरोबर केले, दुकान बुडत असेल तर मुनीम कितीही भला असला तरी बदलावा लागतो. मग चित्र काढणार का, असे विचारल्यावर ते चक्क चिडले. “चित्र का काढू? चित्रातले खोटे आहे काय?” त्यांच्या मुलाला मात्र हे पटत नाही. तो म्हणतो, घसरलो असतो तर घसरलो असतो, त्यांच्याबरोबर खाली गेलो असतो आणि त्यांच्याबरोबर वर आलो असतो. बाप-लेकात यावरून आठवडाभर अबोला आहे आणि काकी दोघांनाही वेगवेगळे वाढते.

टीव्हीवर चेल्सीचे जुने मॅनेजर मोरिन्यो दिसले. आता ते मँचेस्टर युनायटेडला असतात. पत्रकारांसमोर येताना त्यांनी शर्टावर रानिएरींची आद्याक्षरे लिहून आणली होती. २००४ साली चेल्सीने रानिएरींना काढले तेव्हा त्यांच्या जागी हेच मोरिन्यो आले होते, आणि पुढे चेल्सीला विजेतेपद मिळवून दिल्यावर सातच महिन्यांत यांनाही काढले, तेही लेस्टरकडून हरल्यानंतर तीन दिवसांनी, म्हणजे रानिएरींच्याच संघाकडून. पेठेतल्या भावकीत असतात तसे हे हिशेब आहेत.

आता सोमवारच्या सामन्याचे. ऑफिसातल्या एकीचे मूल आजारी पडले आणि तिचे तिकीट मला मिळाले. लिव्हरपूल समोर होते. शेजारच्या खुर्चीवर एक सत्तरीचे आजोबा होते. गुडघ्यावर थर्मास, गळ्यात रंग उडालेला निळा मफलर. जुन्या फिल्बर्ट स्ट्रीटच्या मैदानावर ते वडिलांच्या खांद्यावर बसून सामने पाहायचे, असे त्यांनी सांगितले. मी त्यांना म्हटले, मीसुद्धा; फक्त मैदान कोल्हापूरचे होते आणि खांदा तुमचा, बाबा. आपल्याकडचे फुटबॉल संघ मुळात कुस्तीच्या तालमींचे असतात हे ऐकून ते इतके खूश झाले की थर्मासमधला निम्मा चहा त्यांनी मला दिला. चहा वाईट होता.

कितीतरी लोकांनी रानिएरींच्या चेहऱ्याचे कागदी मुखवटे लावले होते. सामना सुरू झाला आणि आमचा संघ जो धावत सुटला, तो गेल्या वर्षीचाच संघ वाटला. अठ्ठाविसाव्या मिनिटाला वार्डीचा गोल, या वर्षातला लीगमधला आमचा पहिला. मग ड्रिंकवॉटरने लांबून चेंडू जमिनीवर टेकू न देता असा मारला की गोलरक्षकाला कळेपर्यंत जाळी हलली होती. साठाव्या मिनिटाला वार्डीचा दुसरा. तीन-शून्य. सगळे मैदान उड्या मारत होते आणि आजोबा मात्र खाली बसून होते. मी वाकून पाहिले, तर ते डोळे पुसत नव्हते. ते संतापले होते. “हे पाय पंधरा दिवसांपूर्वी कुठे ठेवले होते यांनी?” एवढेच ते म्हणाले.

रानिएरींचे वय पासष्ट, म्हणून पासष्टाव्या मिनिटाला सगळ्यांनी फोनचे दिवे लावायचे असे आधीच ठरले होते. दिवे लागले आणि त्यांच्या नावाचा गजर सुरू झाला. गच्च भरलेले मैदान, समोर तीन गोलांची आघाडी, आणि नाव मात्र घरी गेलेल्या माणसाचे. आजोबांचा फोन जुना, बटणांचा, त्याला दिवा नव्हता. तो तसाच काळा फोन त्यांनी हात उंच करून धरला होता. मी माझा त्यांच्या हाताजवळ नेला. अशा वेळी गोल झाल्याचा आनंद मानावा की लाज वाटावी, हे मला तिथे कळले नाही आणि अजूनही कळत नाही. तीनच मिनिटांनी लिव्हरपूलने एक गोल केला आणि सगळे पुन्हा खेळाकडे वळले. सामना ३-१ असा जिंकला. काल हल सिटी या संघालाही ३-१ असेच हरवले. रानिएरींचे सहायक शेक्सपिअर सध्या संघ सांभाळत आहेत आणि त्यांनी केले काय, तर गेल्या वर्षीचा खेळ जवळपास तसाच परत आणला, असे जाणकार म्हणतात. मग रानिएरींनीच तो का बदलला, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. मला वाटते, मोठे यश मिळाले की माणसाला तेच पुन्हा करायला संकोच वाटतो, आणि त्यात ते फसले.

आईने विचारले होते की त्यांचा निरोप समारंभ तरी केला का. नाही, आई. शाल नाही, श्रीफळ नाही. त्यांनी एक निवेदन काढले: विजेतेपदानंतर या क्लबातच राहायचे माझे स्वप्न होते, ते काल संपले; आणि खाली सगळ्यांचे आभार. खेळाडूंविरुद्ध एक अक्षर नाही. आपल्याकडे तालमीच्या कोचला काढले तर तो दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळीच्या दुकानात समोर येतो आणि काढणाऱ्यालाच मान खाली घालून कट मागावा लागतो. इथे तशी सोय नाही. आता रानिएरींच्या डोळ्यांना डोळा द्यायची वेळ आमच्यापैकी कोणावर येणार नाही, आणि मला वाटते सोमवारी लोकांनी इतके दिवे त्यासाठीच लावले.

१४ तारखेला सेव्हियाचा परतीचा सामना आहे. तिकीट मिळणे शक्य नाही, घरीच पाहीन. बाबा, थंडी संपेपर्यंत संध्याकाळचे सामने पाहायला जाताना कानटोपी घाला, आणि पाटाकडील तालीम व शिवाजी मंडळ या संघांची लढत झाली की निकालासकट सगळे सविस्तर कळवा. नुसते “आपण जिंकलो” एवढेच नको.

सोबत एक मुखवटा पाठवत आहे. सामना संपल्यावर खुर्चीखाली पडलेला मिळाला, चिखल पुसला आहे. पाकिटात मावावा म्हणून दुमडावा लागला, त्यामुळे घडी नेमकी चष्म्यावरून गेली आहे.

तुमची,
धाकटी