सिस्टर, तुम्ही दुसऱ्यांदा जिना चढून आलात म्हणून

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या आपल्या गल्लीत ‘सिस्टर’ म्हटलं की लोक तुमचंच दार दाखवतात, तेवढी ओळख पुरे. पण पत्र मात्र चारचौघांसमोर लिहिते आहे. तुम्ही मला जे शिकवलंत, ते आज आणखी कुणाच्या तरी घरात हवं असेल.

२०१८ च्या उन्हाळ्यात माझ्या उजव्या डोळ्यापुढे धुरकट पडदा आला. डोळा हलवला की दुखायचं, आणि लाल साडी विटकरी दिसायची. मग एमआरआय झाला, सलाईनमधून स्टेरॉईड झालं आणि आजाराचं नाव कळलं: मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते, वायरीवरचं प्लास्टिक निघावं तसं. डॉक्टरांनी ग्लॅटिरामर लिहून दिलं. ४० मिलिग्रॅम, आठवड्यातून तीन वेळा, दोन इंजेक्शनांत निदान ४८ तासांचं अंतर. आजार यानं बरा होत नाही, अॅटॅक कमी होतात, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मात्र जिथून औषध घेतलं तिथे बारा सिरिंजांचा खोका हातात देऊन ‘कुठल्याही नर्सकडून टोचून घ्या’ एवढंच सांगितलं गेलं. टोचायचं कसं, ठेवायचं कुठे, काही झालं तर काय करायचं, यातलं एक अक्षर नाही. त्या रात्री मी खोका फ्रिजमध्ये ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई तुम्हाला घेऊन आल्या. मी फ्रिजमधून काढलेली सिरिंज तशीच मुठीत धरून बसले होते. तुम्ही ती काढून टेबलावर ठेवलीत आणि चहा टाकायला लावलात. “गार औषध आत गेलं की आग मारतंय. वीस मिनिटं ऱ्हाऊ दे. तवर मी बोलतो.” माझ्या पुण्याच्या जावेला आपल्याकडच्या बायकांच्या ‘मी बोलतो, मी जातो’चं अजून नवल वाटतं. मला त्या संध्याकाळी त्या ‘बोलतो’नं धीर आला.

त्या वीस मिनिटांत तुम्ही ना माझ्या आजाराबद्दल बोललात, ना नशिबाबद्दल. माहितीपत्रकाची घडी उलगडून ते ओळीओळीनं वाचून घेतलंत. औषध स्वच्छ आहे का, त्यात कण दिसतात का, हे उजेडात धरून बघायला लावलंत. आत हवेचा बारीक बुडबुडा दिसला तेव्हा मी तो बाहेर काढायला निघाले, तर माझा हात धरलात. बुडबुड्याबरोबर औषधही जातं, आणि चामडीखालच्या इंजेक्शनात तेवढ्यानं काही होत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. स्पिरिट वाळू द्यायचं, मग चामडी चिमटीत धरायची, सुई सरळ घालायची, सरळ काढायची. नंतर कापसानं नुसतं दाबायचं, चोळायचं नाही. पहिलं इंजेक्शन तुम्ही दिलंत, दुसरं माझा हात धरून दिलंत, आणि तिसऱ्या वेळी हात मागे बांधून माझ्यासमोर बसून राहिलात.

चार महिन्यांनी तुम्ही माझी मांडी बोटांनी चाचपून पाहिली आणि गप्प झालात. मी सोपं पडतं म्हणून बहुतेक वेळा उजव्या मांडीतच टोचत होते. तिथे चामडीखालची चरबी झिजून खळगा पडायला लागला होता. तो पुन्हा भरून येईलच असं नाही, हे तुम्ही लपवलं नाहीत. “शेतकऱ्याची लेक हाईस न्हवं? एकाच वाफ्यात किती पिकं घेशील? रानाला इसावा लागतोय.” त्या दिवशी भिंतीवरच्या कालनिर्णयात आपण खुणा करायला सुरुवात केली. पोट डावं, पोट उजवं, मांड्या, दंडांची मागची बाजू, कमरेखालचा भाग. बेंबीच्या भोवती दोन इंच सोडायचे. जिथे लाल आहे, गाठ आहे, खळगा आहे, तिथे टोचायचं नाही. एकदा घेतलेल्या जागेवर आठवडाभर परत जायचं नाही. खळगा आहे तेवढाच राहिला, सिस्टर. नवा पडला नाही.

मग २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली, हायवे बंद, नळाला पाणी नाही, आपल्या भागात वीज नाही. लोकांची घरं पाण्यात होती आणि मी फ्रिजचं दार उघडून सात सिरिंजांकडे बघत होते. कुणीतरी बर्फ आणून दिला, आणि मी खोका बर्फात ठेवणारच होते. तुम्ही गुडघाभर पाण्यातून आलात आणि आधी बर्फ बाजूला केलात. बॅटरीच्या उजेडात आपण पुन्हा तेच माहितीपत्रक वाचलं: हे औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं, पण फ्रिज नसेल तर १५ ते ३० अंशांत महिनाभर चालतं. गोठलं तर मात्र फेकून द्यायचं. म्हणजे ज्याला मी उपाय समजत होते, त्यानंच औषध वाया गेलं असतं. खोका स्टीलच्या डब्यात घालून आतल्या अंधाऱ्या खोलीत ठेवला आणि झाकणावर तारीख लिहिली. पूर ओसरेपर्यंत माझा एकही डोस चुकला नाही. एक गोष्ट मात्र इथे वाचणाऱ्यांना सांगायलाच हवी. हे आकडे माझ्या औषधाचे आहेत. एमएसची इंटरफेरॉनसारखी दुसरी इंजेक्शनं असतात, त्यांचे नियम वेगळे. आपापल्या खोक्यातलं पत्रक वीज जायच्या आधीच वाचून ठेवा.

तुम्ही माझ्यावर रागावलात ते एकदाच. वापरलेली सिरिंज मी कागदात गुंडाळून कचऱ्याच्या पिशवीत टाकली होती. तुमच्या नोकरीच्या दिवसांत एका सफाई करणाऱ्या मावशींना अशीच कचऱ्यातली सुई लागली होती. सुई कुणाची, काहीच माहीत नाही. महिनोन्महिने तपासण्या, आणि तेवढे महिने त्या बाईच्या डोळ्याला डोळा नाही. “घंटागाडीवरची बाई कुणाची तरी आईच हाय. तुझी सुई तिच्या हातात कशाला?” तेव्हापासून जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची बरणी आमच्या कपाटावर आहे, मुलीचा हात पोचणार नाही अशी. टोपण परत न लावता सिरिंज थेट त्यात जाते. बरणी तीन चतुर्थांश भरली की चिकटपट्टी लावून दवाखान्यात, सुयांच्या पांढऱ्या डब्यासाठी. घंटागाडीवरच्या त्या ताईंना मी आता नावानं ओळखते.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ते.

२०२० मध्ये एका रात्री इंजेक्शन घेतल्यावर दोन-तीन मिनिटांत माझा चेहरा तापला, छाती आवळली, काळीज धडधडायला लागलं. ह्यांनी तुम्हाला फोन केला. तुम्ही लगेच आलात, नाडी धरून बसलात, आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळं ओसरलं. या औषधानं काहींना असं होतं, ते पत्रकातही होतं. तुम्ही म्हणालात, “परत झालं तर शांत बसून ऱ्हा, आपोआप जातंय.” त्या वाक्यावर मी पुढची चार-साडेचार वर्षं निर्धास्त काढली.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ग्लॅटिरामरच्या पत्रकावर चौकटीतला, सगळ्यांत ठळक इशारा घालायला लावला. या औषधानं क्वचित अॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी अॅलर्जी होऊ शकते. पहिल्याच डोसाला होऊ शकते, तशी वर्षानुवर्षं घेतल्यावरही. बहुतेकांना ती इंजेक्शननंतर तासाभरात झाली होती. आणि तिची सुरुवात अगदी त्या माझ्या रात्रीसारखी दिसू शकते.

ही बातमी मला कुठूनच कळली नव्हती. तुमच्या भाचीनं तुम्हाला वाचून दाखवली आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी, गुडघ्याला पट्टा बांधून, आमचा दोन मजल्यांचा जिना चढून आलात. दम खायच्या आधीच बोललात: “तवा मी तुला बसून ऱ्हा म्हटलं हुतं. ते आता तसंच धरू नको. मी अर्धंच सांगितलं हुतं.”

सिस्टर, तुम्ही तेव्हा अर्धं सांगितलं नव्हतं. तेव्हा जेवढं छापलेलं होतं तेवढं सांगितलं होतं. तरी तुम्ही आलात. मला आयुष्यात सल्ला देणारी माणसं भरपूर भेटली. दिलेला सल्ला बदलायला दोन जिने चढून आलेलं माणूस एकच.

त्या दिवशी आपण लिहिलेला कागद अजून फ्रिजच्या दारावर आहे. अंगावर गांधी उठल्या, ओठ, जीभ किंवा घसा सुजला, श्वासाला घरघर लागली, चक्कर आली, तर वाट बघायची नाही, थेट १०८. नुसती धडधड आणि छातीची आवळणी असेल, पण ती ओसरायच्या ऐवजी वाढत चालली, तरी १०८. आणि त्यानंतर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढचा डोस नाही. मी पूर्वी सगळे झोपल्यावर इंजेक्शन घ्यायची. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी साडेसातला घेते आणि पुढचा तासभर घरात कुणी ना कुणी जागं असतं. डॉक्टरांनाही २०२० ची ती रात्र नव्यानं, सविस्तर सांगितली. त्यांनी विचार करून औषध चालू ठेवलं. माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. तिला तो कागद पाठ आहे, आणि पत्ता कसा सांगायचा तेही.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. साडी आणली तर परत पाठवलीत. दिवाळीचा डबा तेवढा ठेवून घेतलात, तोही रिकामा परत केला नाहीत.

बरणी परत भरत आली आहे. शनिवारी दवाखान्यात देऊन येईन, तेव्हा तुमच्याकडे डोकावते. आणि एक विनंती आहे. यापुढे काही सांगायचं असेल तर तो जिना चढू नका. खालून हाक मारा. माझे पाय चांगले आहेत, मी उतरून येते.

तुमची,
दोन मजले वरची पोरगी